अभ्यासात अडलेल्या पैलवानाचं कॉलेज कसं निवडायचं

मी कॉलेजात क्रीडा संचालक. जून महिन्यात आमच्या जिमखान्याच्या खोलीत एक ठरलेलं दृश्य असतं. बाप दारातच चप्पल काढतो. पोरगा मागं मान खाली घालून उभा, कान फुटलेले, टी-शर्टची बाही दंडात रुतलेली. बाप पिशवीतून आधी प्रमाणपत्रं काढतो, विभागीय प्रथम, राज्य तृतीय, आणि सगळ्यात शेवटी चार घड्या घातलेली मार्कशीट. "सर, कुस्तीत वाघ हाय, पण पुस्तक उघडलं की झोपतंय. कुठं बी चिकटवा."

हे "कुठं बी चिकटवा" मीही सुरुवातीच्या काळात ऐकलं आणि चिकटवलं. एक चौऱ्याहत्तर किलोचा पठ्ठा होता. झोनलला, म्हणजे विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धेला, आमच्याकडे त्या वजनाला कोणी नव्हतं म्हणून त्याला बीएस्सीला घेतला, कारण त्या वर्गात जागा रिकामी होती. दोन वर्षं त्यानं कॉलेजला पदकं दिली आणि दोन वर्षं त्याचे प्रॅक्टिकल बुडाले. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. हातात राहिली बारावी. तेव्हापासून मी प्रवेशाचा अर्ज शेवटी काढतो आणि आधी पुढच्या गोष्टी बघतो.

पोरगा नेमका कुठं अडलाय?

"अभ्यासात कच्चा" याला मी उत्तर मानत नाही. माझ्याकडे एक साधी परीक्षा आहे. टेबलावरचं वर्तमानपत्र उलटून क्रीडा पान काढतो आणि कुस्तीचीच बातमी पोराला मोठ्यानं वाचायला लावतो. बातमी ओळखीची, नावं ओळखीची. सरळ वाचून गेला तर अडचण डोक्यात नाही, वेळापत्रकात आहे. तालमीतला पोरगा पहाटे चारला उठतो, जोर-बैठका, मेहनत, खुराक, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा लढती. यात तास बसवायचे कुठं? अशा पोराला कॉलेजची वेळ जुळली की तो पास होतो. मी डझनावारी पाहिलेत.

पण काही पोरं त्याच बातमीत अडखळतात. "उपांत्य"चं "उपान्त" करतात, ओळ सुटते, घाम येतो. ढाकेचा डाव लावताना ज्याचा तोल अर्धा इंच चुकत नाही, त्याला जोडाक्षर दिसतच नाही. हा आळस नसतो, अध्ययन अक्षमता असू शकते. शासनमान्य केंद्रातून तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. हे प्रमाणपत्र नववी-दहावीतच काढायचं असतं, परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून उपयोग नाही. पुढं पदवीलाही ते दाखवता येतं. बापाला हे सांगणं अवघड जातं, "माझं पोरगं वेडं हाय का?" असा प्रश्न हमखास येतो. वेडं नाही, वाचनाचा पेच वेगळा आहे, एवढंच सांगतो.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याला शिकायचंच नाही. त्याच्याशी भांडत बसू नका. त्याला पुढचा हिशेब दाखवा.

कुठल्या पायरीला कुठलं दार

मी हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर पोराच्या समोर मांडतो. रेल्वेच्या क्रीडा कोट्याचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. कुस्ती तीच, पदकंही तीच, पण लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पगारपायरीच्या, पदाला दहावी किंवा आयटीआय लागतं, लेव्हल २ आणि ३ ला बारावी (किंवा दहावीवर आयटीआय), लेव्हल ४ आणि ५ ला पदवी. वय १८ ते २५, आणि त्यात सूट नाही. म्हणजे चोविसाव्या वर्षी पदवीचे दोन पेपर राहिले असतील तर पदक असूनही खालच्या पायरीवर बसावं लागतं.

अग्निवीर जनरल ड्युटीला दहावी लागते, पण नुसती पास नव्हे: एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. बोर्ड ३५ ला पास करतं, म्हणून पस्तीस-छत्तीस टक्क्यांचा पोरगा "पास हाय की" म्हणत भरतीला जातो आणि कागदावरच परत येतो. पोलीस शिपायाला बारावी, एमपीएससीतून फौजदार व्हायला पदवी. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते पदासाठी लागणाऱ्या शिक्षणाच्या वर मिळतं, शिक्षणाऐवजी नाही. विजय चौधरी किंवा राहुल आवारे डीवायएसपी झाले हे प्रत्येक पोराला पाठ असतं. ती थेट नेमणूक एकानं लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी होऊन आणि दुसऱ्यानं राष्ट्रकुलचं सोनं आणून मिळवलीय. आपला पोरगा तिथं पोचला तर उत्तमच. कागद मात्र तो पोचणार नाही असं धरून तयार करायचे.

आणि एक गोष्ट तालमीत कोणी सांगत नाही: जत्रेतल्या इनामी कुस्तीचा या आरक्षणात काडीचाही उपयोग नाही. लाखाची कुस्ती चितपट केली, हलगी वाजली, फेटा बांधला, तरी क्रीडा उपसंचालकांच्या टेबलावर ती शून्य. तिथं मान्यताप्राप्त संघटनेची, शालेय किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धा लागते.

दहावी-बारावीच अडली असेल तर

कॉलेजच्या गप्पा बाजूला ठेवा, आधी ही गाठ सोडवा. दहावीत एक-दोन विषय गेले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. राहिलेले विषय जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत काढायचे. पास आहे पण टक्के कमी आहेत, तर श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा बसता येतं. वर अग्निवीरचं जे सांगितलं, त्यात अडकलेल्यांनी हे करावं.

खेळाचे वाढीव गुण विसरू नका. स्पर्धेच्या स्तरानुसार जास्तीत जास्त २५ गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयात आणि तिथून मंडळाकडे जातो. दरवर्षी दोन-तीन पोरं अशी भेटतात की ज्यांची राज्याची प्रमाणपत्रं घरी फ्रेममध्ये असतात आणि प्रस्ताव गेलेलाच नसतो. "शाळेनं सांगितलंच न्हाई" म्हणतात. जानेवारीतच शाळेत जाऊन विचारायचं आणि पोच घ्यायची.

गणित-इंग्रजीत तीन-चारदा आपटलेल्या पोरासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, हा चांगला रस्ता आहे. पाच विषय, आपल्या सोयीनं निवडता येतात, ३३ ला पास, पाच वर्षांत नऊ संधी, आणि आधीच्या बोर्डात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण तिकडं नेता येतात. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्मही आहे. पण दोन्हीत एक किंमत मोजावी लागते: शालेय स्पर्धा शाळेच्या पटावर असलेल्या विद्यार्थ्यासाठी असतात. एकोणीस वर्षांखालच्या गटात राज्य-राष्ट्रीय पदकाची खरी आशा असेल, तर पोराला नियमित अकरावी-बारावीतच ठेवा, कला शाखेत, घराजवळ किंवा तालमीजवळ. अकरावीला खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, तो कोटा वापरा.

आयटीआयचाही विचार करा, विशेषतः वाचनात अडणाऱ्या पण हातानं चलाख पोरासाठी. रेल्वेत त्याला किंमत आहे हे वर आलंच. अडचण हजेरीची आणि स्पर्धेची. आयटीआय विद्यापीठात येत नाही, म्हणून आंतरविद्यापीठ कुस्ती नाही.

नियमित की मुक्त

सगळ्यात महाग चुका याच ठिकाणी होतात, म्हणून जरा थांबतो.

पोरगा तालमीत राहतो, कॉलेजला जाणं जमत नाही, मग कोणीतरी सुचवतं की यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बीए टाका, रविवारी तास, मग परीक्षा. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ पासून हजारो नोकरदारांना पदवीधर करत आलंय, पदवी पूर्ण मान्य आहे. पण अखिल भारतीय आंतरविद्यापीठ कुस्तीला पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी लागतो. वयाची अट असते, आणि पूर्णवेळ नोकरी करणारा चालत नाही. अठरा ते तेवीस हे पैलवानाचं ऐन वय. त्या वयात त्याला मुक्त विद्यापीठात टाकलं की त्या पदकाचा रस्ता आपण आपल्या हातानं बंद केला.

माझा नियम असा: विद्यापीठाच्या संघात येण्याइतका दम असेल तर नियमित कॉलेज, मग ते कितीही साधं असो. दम त्या पातळीचा नसेल, किंवा दुखापतीमुळं वर्ष-दोन वर्षं मॅट बंद असेल, किंवा नोकरी लागली असेल, तर मुक्त विद्यापीठ. दम आहे की नाही हे बापानं ठरवू नये, वस्तादांना विचारावं. वस्ताद तोंडावर गोड बोलत असतील तर "या वजनात झोनलला कोण कोण आहेत, आणि आपला पोरगा त्यातल्या कोणाला पाडेल?" असं नावानिशी विचारायचं.

नवीन शैक्षणिक धोरणानं आपल्या पोरांची एक सोय झालीय. पदवीचं पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, आणि क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाची मोजणी, अकॅडमिक बँक नावाच्या खात्यात जमा राहतात. परत येऊन पुढं शिकता येतं. मधेच कॅम्प आला, लिगामेंटचं ऑपरेशन झालं, तर "वर्ष वाया गेलं" म्हणून कॉलेज सोडून द्यायची गरज उरली नाही. मात्र बाहेर पडण्याचे स्वतःचे नियम आहेत, जादा कोर्सही करावा लागतो, आणि बाहेर पडण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात लेखी द्यावं लागतं. न सांगता गायब झालेल्याचं काही जमा होत नाही.

कोर्स

मराठी माध्यमातून बीए. इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी. दहातल्या आठ पोरांना मी हेच सांगतो. बीकॉम चालेल, जर बारावी वाणिज्य बरी झाली असेल. बीएस्सी नको, प्रॅक्टिकलची हजेरी आणि सकाळचा सराव एकमेकांना खातात.

खेळाडू म्हटलं की बारावीनंतर शारीरिक शिक्षणाची पदवी, असं लोक डोळे झाकून सुचवतात. तिथं शरीररचनाशास्त्र आहे, शरीरक्रियाशास्त्र आहे, बायोमेकॅनिक्स आहे, आणि बरीचशी पुस्तकं इंग्रजीत. वाचनात अडलेल्या पोराला ते बीएपेक्षा जड जातं. ज्याला शिकवायचीच आवड आहे त्यानं मात्र जावं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ किंवा पुण्याचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय या त्यातल्या जुन्या जागा. बीए करून नंतर दोन वर्षांचं बीपीएड हाही रस्ता आहे. त्याच्या सीईटीत मैदानी चाचणी असते, तिथं आपली पोरं गुण खेचतात. पण पदवीला साधारण ५० टक्के लागतात, राज्य किंवा आंतरविद्यापीठ खेळलेल्याला ४५. म्हणून "नुसतं पास व्हायचंय" म्हणणाऱ्याला मी हा आकडा पहिल्याच वर्षी सांगून ठेवतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमाही पदवीनंतरचाच.

कॉलेज: इमारत बघू नका, माणूस बघा

खाशाबा जाधवांचं उदाहरण आपण पदकासाठी सांगतो, मी कॉलेजसाठी सांगतो. गोळेश्वरचा हा पोरगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्याच कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. आज घर कोणी गहाण टाकायला नको, पण पोरगा स्पर्धेला गेल्यावर त्याची अंतर्गत परीक्षा पुढं घेणारं कोणी आहे का, एवढं तर बघाच.

प्रवेशाआधी पोराला घेऊन कॉलेजात जा आणि क्रीडा संचालकांना भेटा. मी स्वतः या खुर्चीत बसतो, म्हणून कुठले प्रश्न आम्हाला घाम फोडतात ते मला माहीत आहे. पहिला प्रश्न: गेल्या पाच वर्षांत तुमच्या विद्यापीठ संघात गेलेल्या पैलवानांपैकी किती जण पदवीधर झाले? भिंतीवरचे फोटो दाखवून विषय बदलला तर समजून जा. दोनेक फोटोंवर बोट ठेवा आणि "हा आता काय करतो?" असं विचारा.

मग हजेरीचं विचारा. ७५ टक्के हजेरीतून स्पर्धा आणि कॅम्पचे दिवस कसे धरतात, त्यासाठी कुठला अर्ज, कोणाची सही? स्पर्धेमुळं पेपर चुकला तर विद्यापीठाचा नियम काय, आणि तो कॉलेजनं कधी वापरलाय का? पदवीला खेळाचे वाढीव गुण आणि क्रेडिट कसे मिळतात? वसतिगृहाची मेस पैलवानाला पुरेल का, की खुराक वेगळा करावा लागेल? दूध, बदाम, तूप, अंडी यांचा खर्च फीपेक्षा जास्त असतो, हे घरच्यांना वेगळं सांगायला नको. फीमाफी देतो म्हणाले तर ती कागदावर मागा.

मॅट आहे का ते उघडून बघा. आंतरविद्यापीठ कुस्ती मॅटवर होते. कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींची परंपरा मातीची, पण मॅटवरचा खेळ गुणांचा आहे, दम आणि वेग वेगळा लागतो. कॉलेजचा मॅट बऱ्याचदा हॉलच्या कोपऱ्यात गुंडाळून उभा असतो, त्यावर धूळ. नसला तरी हरकत नाही, तालमीत मॅट असला तर काम भागतं. मग एकच मोजा: तालीम ते कॉलेज किती मिनिटं? वीस मिनिटांच्या आतलं साधं कॉलेज दीड तासावरच्या नावाजलेल्या कॉलेजपेक्षा बरं. सकाळच्या सत्रात भरणारं टाळा, साडेदहा-अकराला सुरू होणारं शोधा.

"फक्त फॉर्म भरा, बाकीचं आम्ही बघतो" हे वाक्य ऐकलं की उठा. ते बघतात, पण फक्त झोनलपर्यंत.

मुलीसाठी हे सगळं आहेच, शिवाय मॅटवर जोड करायला दुसऱ्या मुली आहेत का, सराव कोण घेतं, सरावाहून परतायच्या वेळेला वसतिगृहाचं दार उघडं असतं का, हे आईनं स्वतः जाऊन बघावं. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हापासून माझ्याकडे मुलींचे बापही येऊ लागलेत. चप्पल तेही दारातच काढतात.

पंजाब-हरियाणातली विद्यापीठं फीमाफी देऊन आपली पोरं नेतात. तिकडची कुस्ती तगडी आहे यात वाद नाही. पण अभ्यासात आधीच अडलेल्या पोराला तिकडं इंग्रजी-हिंदीतून पेपर लिहायचा असतो, आणि पदक नाही आलं तर पुढच्या वर्षी फीमाफी राहते का, हे करारात वाचायचं असतं. मराठीत पेपर लिहिता येणं ही आपल्या पोराची निम्मी तयारी आहे, ती सहज सोडू नये.

वर्ष कसं बसवायचं

कॉलेज मिळालं की कॅलेंडर घेऊन बसा, वस्ताद आणि पोरगा दोघांना समोर घेऊन. झोनल, इंटर झोनल, मग विद्यापीठ संघ, हे पहिल्या सहामाहीपासून थंडीपर्यंत चालतं. पाडवा झाला की गावोगावच्या जत्रा सुरू, मैदानं रोजची, पैसा रोख. आणि नेमक्या त्याच दिवसांत विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा. पोराला एका मैदानात पाच-दहा हजार मिळणार असतील तर तो समाजशास्त्राचा पेपर का देईल? ओरडून होत नाही. मी बापाला सांगतो की पेपरच्या आदल्या-दुसऱ्या दिवसाची मैदानं घ्यायची नाहीत, बाकीची खुशाल घ्या, आणि वस्तादांकडून तसा शब्द घ्या. पोरगा बापाचं मोडेल, वस्तादांचं मोडत नाही.

वजनाचंही सांभाळा. स्पर्धेसाठी पाणी तोडून चार-पाच किलो उतरवलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पेपरला बसला तर त्याला प्रश्न दोनदा वाचूनही कळत नाही. परीक्षेला लागून स्पर्धा असेल तर त्या वेळी वरच्या वजनात खेळवा.

अभ्यास रोज एक तास, दुपारच्या झोपेनंतर, तालमीतच. आमच्याकडे एक जुना पैलवान होता, बीए झालेला. तो पोरांना माती उकरताना मागच्या वर्षीचे प्रश्न तोंडी विचारायचा. लिहिण्यात कच्ची पोरं ऐकून धरतात. मोबाइलवर धडा वाचून रेकॉर्ड करून द्या, मालिश करताना ऐकतील.

पिशवीतले कागद

शेवटी फाईल, कारण निम्मी पोरं इथं हरतात. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, निवडपत्र आणि निकालपत्रक स्पर्धा संपताच मागून घ्यायचं, वर्षानं कोणी देत नाही. नावाचं स्पेलिंग आधार, दहावीची मार्कशीट आणि प्रमाणपत्रावर एकच हवं. तालमीत सगळे "पिंट्या" म्हणतात म्हणून आयोजकानंही तसंच लिहिलं, आणि दोन वर्षांनी पडताळणीत अडकलं, असं माझ्यासमोर झालंय. ५ टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून जाहिरात यायची वाट बघू नका, पदक आलं की तिथला अर्ज भरा. मूळ प्रमाणपत्र कोणत्याही कॉलेजला ठेवायला देऊ नका, झेरॉक्सवर साक्षांकित सही करून द्या. आणि फाईल तालमीत नको, घरी आईच्या कपाटात ठेवा. तालमीत तेल, माती आणि पावसाळ्यात गळती.